जेसीबी आत जाण्याआधी नावे उतरवून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या जुन्या स्मशानभूमी आणि दफनभूमी साफ करणार, वेड्या बाभळी काढणार, कुंपणभिंत घालणार, आत पेव्हर ब्लॉक बसवणार, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. काम चांगले आहे, व्हायलाच हवे. पावसाळा संपता संपता तिथे गाजरगवत कमरेएवढे होते आणि मयतीला आलेली माणसे पायाखाली साप आहे का बघत उभी राहतात. माझे म्हणणे एवढेच की, जेसीबी आत जाण्याआधी तिथल्या दगडांवरची नावे कुणीतरी वहीत उतरवून घ्यावीत. कुठला दगड कुठे होता तेही लिहावे. मग खुशाल ब्लॉक बसवा.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमधला निवृत्त सॉर्टर. उभी हयात गाडीच्या डब्यात आणि स्टेशनवरच्या सॉर्टिंग ऑफिसात पत्ते वाचण्यात गेली. दफनभूमीशी माझा संबंध मयतीपुरता होता. तो वाढला आयर्लंडमध्ये, आणि तोही दुसऱ्याच्या पूर्वजांपायी.

मुलगी लिमरिकला नर्स आहे. जावई बॉस्टनचे, पण मूळ आयरिश. आम्ही दोघे नातवाला सांभाळायला म्हणून गेलो, तेव्हाच जावयांची आत्या बॉस्टनहून आली. बाई सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, काखेत कागदांची जाड फाइल. आपल्या पणजोबांचे गाव शोधायचे आणि तिथे रक्ताचे कुणी उरले असेल तर त्याला भेटायचे, हा त्यांचा ध्यास. मुलगी-जावई ड्युटीवर, आमची मंडळी नातवात गुंतलेली, मी रिकामा. आत्याबाईंना गाडीत शेजारी बसून नकाशा धरणारा माणूस हवा होता. अशा रीतीने सोलापूरच्या साखर पेठेतला एक लिंगायत म्हातारा क्लेअर काउंटीतली, म्हणजे तिथल्या क्लेअर जिल्ह्यातली, थडगी वाचत हिंडू लागला.

माझा पहिला प्रश्न सरळ होता. एवढा पुढारलेला देश, सगळे कागद संगणकावर असतील, मग चिखलात कशाला उतरायचे? त्यावर आत्याबाईंनी गाडी चालवता चालवता सांगितले ते असे. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या काळातल्या शिरगणतीचे कागद डब्लिनला फोर कोर्ट्सच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्यात होते. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात तिथे स्फोट झाला, आग लागली आणि जवळपास सगळे जळून गेले. बरे, सगळा दोष आगीलाही देता येत नाही. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेले. पूर्ण उरली ती १९०१ आणि १९११ ची शिरगणती. म्हणजे १८८० नंतर दहा वर्षांत कधीतरी देश सोडून गेलेला माणूस कुठल्याच शिरगणतीत सापडायचा नाही. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सर्वांसाठी सुरू झाली ती १८६४ पासून. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मात्र गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या म्हणून आगीतून वाचल्या, आणि २०१५ पासून तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या सगळ्यांना फुकट बघायला ठेवल्या आहेत. पण पश्चिमेकडच्या गरीब गावांच्या वह्या फार उशिरा सुरू होतात. त्याच्या मागे जायचे तर दगडच वाचावा लागतो.

तोही सगळ्यांच्या नशिबी नसतो. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात तिथली सुमारे १० लाख माणसे मेली आणि १० लाखांवर देशोधडीला लागली. क्लेअर काउंटीत १८४१ ला २ लाख ८६ हजार लोक होते, २०२२ च्या गणतीत १ लाख २७ हजार. सोलापूरच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही, १९७२ ला आम्ही सुकडीवर दिवस काढलेत. पण पावणेदोनशे वर्षे झाली तरी जिल्हा पुन्हा भरला नाही, हे ऐकून मी गाडीच्या काचेतून मोकळी रानेच बघत राहिलो. त्या दुष्काळात गेलेल्यांच्या थडग्यांवर बहुतेक वेळा शेतातला ओबडधोबड दगड उभा केलेला असतो. त्यावर अक्षर नाही. आत्याबाई अशा दगडांपाशीही थांबायच्या, हात लावायच्या आणि पुढे जायच्या.

शोध सुरू झाला होता तो मात्र बॉस्टनमधून. परदेशात मेलेल्या आयरिश माणसाच्या थडग्यावर पुष्कळदा त्याची काउंटी आणि कधी कधी चर्चचा परगणाही कोरलेला असतो. आत्याबाईंच्या पणजोबांच्या दगडावर क्लेअरचा असा उल्लेख होता. तेवढ्यावर क्लेअर गाठता येते, घर नाही. आयर्लंडमध्ये काउंट्या ३२, त्यांच्या पोटात परगणे, आणि सगळ्यांत खाली टाउनलँड. आपल्याकडचे शिवार म्हणा ना. अशी शिवारे देशभर ६० हजारांवर आहेत. माणूस कुठल्या शिवारातला हे कळले की बाकीचे सुटत जाते, आणि ते कळेपर्यंत नुसते नाव निरुपयोगी. आत्याबाईंचे आडनाव इथे देत नाही, पण आपल्याकडे पाटील असतात तितके ते क्लेअरमध्ये आहेत, आणि पहिली नावे तर मोजकीच. घरोघरी तीच. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे, ही तिथली जुनी रीत. त्यामुळे एकाच दफनभूमीत एकाच नावाचे चार चार जण निजलेले.

इथे मी जरा विषय सोडून बोलतो, पण पोस्टातल्या माणसाला राहवत नाही. त्या खेड्यांत घरांना नंबर नाहीत. एका शिवारात पाच घरे एकाच आडनावाची असली तर पाचांचा पत्ता एकच! पोस्टमनला माणूस माहीत असतो म्हणून पत्र पोचायचे. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्यांच्याकडे देशभरचा कोड यायला २०१५ साल उजाडले, पण आणला तो असा की प्रत्येक घराला स्वतःचा सात अक्षरी कोड. हे ऐकल्यावर मी तिथल्या एका पोस्टमनला मुद्दाम गाठून विचारले. तो म्हणाला, कोड तुमच्यासारख्या नवख्यांसाठी. मला कुत्र्यावरून घर कळते.

तर दगड वाचण्याबद्दल. एन्निसजवळच्या ड्रमक्लिफच्या टेकडीवर, किल्फेनोराला, किनाऱ्याकडे मिलटाउन मॅलबेजवळ किल्फारबॉयला, अशा जुन्या पडक्या चर्चच्या आवारात आम्ही हिंडलो. चुनखडीचा दगड, त्यावर दीडशे-दोनशे वर्षांचा अटलांटिकचा पाऊस. अक्षरे चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटावरच्या अक्षरांसारखी झालेली. आत्याबाई वरून वाचायला लागायच्या, नावाला अडायच्या, नावावरूनच आशा लागायची आणि मोडायची. मी म्हटले, बाई, सॉर्टर कधी नाव वाचत नाही, नाव पोस्टमनने वाचायचे. आम्ही आधी गाव बघतो. दगडावर शिवाराचे नाव कुठे कोरलेय ते शोधा, ते जुळले तरच वर जा. तेव्हापासून काम भराभर होऊ लागले.

वाचायचीही एक रीत आहे. ती तिथल्या एका गावच्या माणसाने दाखवली. दगडाला घासायचे नाही, तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही, अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचे नाही. शेवाळ खरवडले की त्याबरोबर अक्षराची कडही निघून जाते. मग करायचे काय? घरातला लांबट आरसा घ्यायचा. एकाने तो दगडाच्या बाजूला, थोडा लांब धरायचा आणि उन्हाची तिरीप दगडावर अगदी आडवी सोडायची. समोरून बघताना कोरा वाटणारा दगड आडव्या उजेडात बोलू लागतो. खोलगट रेघेत सावली पडते आणि अक्षर उठते. ऊन नसेल, आणि तिथे ते बहुधा नसतेच, तर अंधार पडल्यावर बॅटरी तशीच बाजूने मारायची. मी आरसा धरायचो, आत्याबाई वाचायच्या. एकदा एका ओळीवर आमचे जमेना. मी आरसा थोडा खाली केला आणि आम्हाला हवे असलेले शिवार अक्षरागणिक उभे राहिले. वरचे नाव मग वाचले. खापरपणजोबांचे होते. खाली बायकोचे नाव, आणि त्याच्यापुढे तिचे माहेरचे आडनाव.

या माहेरच्या आडनावानेच गाठ पक्की झाली. तिथे चर्चच्या वहीत बाळाच्या आईचे माहेरचे नाव लिहितात, सरकारी जन्मनोंदीत लिहितात, आणि जुन्या दगडांवरही ते सापडते. आत्याबाईंच्या फाइलीत पणजोबांच्या बॉस्टनमधल्या लग्नाची नोंद होती, त्यात त्यांच्या आईचे माहेर हेच. आपल्या दगडांवर बघा. कै. सौ. अमुक, भ्रतार तमुक. बाई कुणाची लेक होती, कुठल्या गावची, याचा पत्ता नाही. निम्मी वंशावळ आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

दगडावर एक ओळ आणखी होती, हा दगड कुणी बसवला त्याची. तो पणजोबांचा गावी राहिलेला भाऊ. त्याचा वंश आता कुठे, हे गावात विचारायला पाच मिनिटे लागली. दुकानदाराने फोन उचलला आणि आम्ही चहाला जाऊन बसलो.

घरचे बाबा ऐंशीच्या घरातले, गुरे राखून असलेले. आत्याबाई नि ते एकमेकांचे चुलत-चुलत-चुलत काहीतरी. दारात उभे राहून बाबांनी आधी मला निरखले, मग आत्याबाईंना, आणि पहिला प्रश्न केला: जमिनीसाठी आलात काय? सून लाजली, आत्याबाई गोंधळल्या. मला मात्र आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. अमेरिकेहून कुणी नातेवाईक उगवला की शेतात हिस्सा मागेल, ही भीती तिकडे जुनी आहे. ती जमीन कुळांना १९०३ च्या कायद्यानंतर जमीनदारांकडून विकत घेता आली, आपल्याकडे कूळकायदा आला तशीच गोष्ट. एवढ्या कष्टाने नावावर झालेल्या रानात कोण हिस्सा देईल? मी बाबांना म्हटले, आमच्या अक्कलकोट तालुक्यातही हाच प्रश्न आधी विचारतात, चहा नंतर. ते हसले आणि किटली ठेवली.

मग गव्हाच्या घरगुती पावावर बोटभर लोणी लावून खाताना भांडण निघाले, ते मी जन्मात विसरणार नाही. बॉस्टनच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की, जमीनदाराच्या माणसांनी घराबाहेर काढले म्हणून पणजोबा देश सोडून गेले. बाबा म्हणाले, कुणी सांगितले? आमच्याकडे अशी गोष्ट आहे की, बापाने त्याला दोन कालवडी देऊन एन्निस्टायमनच्या बाजाराला पाठवले. त्याने कालवडी विकल्या आणि पैसे घेऊन क्वीन्सटाउनच्या बंदराची वाट धरली. पुन्हा पत्र नाही. आत्याबाई लालबुंद झाल्या. बाबाही हटेनात. शेवटी निकाल लावला तो फाइलीने. १८४७ ते १८६४ या काळात तिथे ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देशभर जमिनी-घरांची मोजणी झाली, कुठल्या तुकड्यात कोण कसतो ते नावानिशी. पुढे त्याच वह्यांत बदल नोंदवत गेले, जुने नाव खोडून नवे वर लिहायचे, आणि वेगवेगळ्या साली वेगवेगळ्या रंगाची शाई. आपला फेरफारच की! आत्याबाईंनी डब्लिनहून त्या पानांच्या रंगीत नकला आणल्या होत्या. त्यात बापाचे नाव शेवटपर्यंत त्याच तुकड्यावर होते, मग खोडून थोरल्या भावाचे. घराबाहेर काढल्याची खूण कुठेच नव्हती. आत्याबाईंनी तो कागद दोनदा उलटसुलट बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, कालवडींची आजची किंमत सांगा. बाबा पैसे घेईनात. शेवटी ते दफनभूमीच्या कमिटीला गवत कापण्यासाठी द्यायचे ठरले. मी नेलेली सोलापुरी चादर बाबांनी उलटी करून विणकाम बघितले आणि यंत्रमागावरची का हातमागावरची, असे विचारले. जाणकार माणूस.

ही दफनभूमीची कमिटी म्हणजे गावातलीच मंडळी. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या एखाद्या रविवारी, तिथे पाद्री येऊन सगळ्या थडग्यांना आशीर्वाद देतो. त्याच्या आधी आठवडाभर गवत कापणे, झाडलोट, फुले. लांब राहणारी पोरेबाळे त्या दिवशी येतात आणि कोण कुणाचा ते तिथेच कळते. नोंद झालेल्या जुन्या दफनभूमीत काम काढायचे तर आधी सरकारला लेखी कळवावे लागते, मोठे यंत्र आत न्यायचे नाही आणि पडलेला दगडसुद्धा जागचा हलवायचा नाही, असा तिथला दंडक. आणि एन्निसच्या काउंटी ग्रंथालयाने तर स्वयंसेवकांनी उतरवलेले थडग्यांवरचे मजकूर इंटरनेटवर फुकट ठेवलेत. बॉस्टनमध्ये घरात बसून माणूस क्लेअरमधला दगड वाचू शकतो.

आता आपल्याकडे येतो. आपल्याकडे वंशावळ काढत नाहीत असे नाही. जात पडताळणीचा अर्ज भरायची वेळ आली की अख्खे घराणे जागे होते. तहसीलच्या दप्तरात कोतवाल बुक, गाव नमुना १४, शाळेचा दाखला, मोडी वाचणारा कुठे मिळतो का बघ, अशी धावपळ गेल्या काही वर्षांत घरोघरी झाली. आमच्या घरी तर फार पूर्वीपासून हेळवी यायचा. बैल घेऊन, घंटा वाजवत. ओसरीवर बसून वही उघडायचा आणि आमची कुळी सांगायचा, मूळ गाव कुठले, कोण कुठून उठून कुठे गेला, कुणाला किती मुलगे. आजी त्याला पायलीभर ज्वारी आणि एखादे भांडे द्यायची आणि नव्या जन्मलेल्यांची नावे लिहून घ्यायला लावायची. लेकीबाळींची नावे त्यातही क्वचितच. गेली कित्येक वर्षे तो आलेला नाही. त्याची मुले दुसऱ्या धंद्याला लागली असणार, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

मी लिंगायत. आमच्यात दहन नाही. मृताला पद्मासनात बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहून मातीत समाधी देतात. आपले सोलापूर तर सिद्धरामेश्वरांच्या समाधीभोवती मोठे झालेले गाव, त्यांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा गड्ड्याच्या यात्रेत आपण दरवर्षी करतो. असे असून माझ्या आजोबांची समाधी आज मला दाखवता येणार नाही. छोटा चौथरा होता, त्यावर कन्नडमध्ये चार ओळी. एका साफसफाईत तो सपाट झाला. कुणी केले, कुणाच्या हुकमाने, या वादात मी शिरत नाही. त्या चार ओळी कुणी लिहून घेतल्या असत्या तर माझी तक्रार राहिली नसती. आजोबा कुठल्या गावाहून गिरणीत कामाला आले ते त्यात होते, असे वडील सांगायचे. गावाचे नाव वडिलांबरोबर गेले.

सोलापुरात हे फक्त माझे दुखणे नाही. गिरण्यांनी आणि मागांनी हे शहर वाढवले. १८६० ला रेल्वे आली, १८७७ ला, जिला आपण जुनी मिल म्हणतो ती गिरणी निघाली, आणि तेलंगणातून पद्मशाली, कर्नाटकातून आमच्यासारखे, मराठवाड्यातून, कुठून कुठून माणसे आली. तिसऱ्या-चौथ्या पिढीला मूळ गाव माहीत नाही. कागदावर जन्मठिकाण सोलापूर. गाव लिहिलेले असेल तर ते एखाद्या दगडावर, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, मराठीत. इंग्रजीतही. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात शंभरातले चाळीसहून अधिक आयरिश होते, म्हणजे आपल्याकडच्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमींतही त्या देशाची माणसे असणारच. पण त्यांची मला तितकी काळजी नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या दफनाच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गोऱ्या शिपायाचा पणतू तिथे जाऊन आपला माणूस शोधू शकतो. साखर पेठेतल्या विणकराच्या पणतूने कुठे जायचे?

कुणी म्हणेल, मेलेल्यांचे दगड मोजून काय मिळणार. आपल्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे बघा. १९१० ला सोलापुरात जन्म, १९४२ ला चीनमध्ये मृत्यू. त्यांची समाधी तिकडे शिजियाझुआंगला आहे, चिनी लोक ती आजही नीट ठेवतात, आणि तिकडची मंडळी त्यांच्या घरच्यांना भेटायला मुद्दाम येतात. परक्या देशात आपल्या माणसाचा दगड जपलेला आपल्याला चालतो, नव्हे, अभिमान वाटतो. मग आपल्या वेशीतले दगड?

संबंधित खात्याकडे माझे मागणे लहान आहे. काम सुरू करण्याआधी प्रत्येक दगडाचा, चौथऱ्याचा एक फोटो आणि जागेचा कच्चा नकाशा. ब्रशने घासू नये, रंग देऊ नये, उखडलेला दगड कोपऱ्यात रचून ठेवू नये, जिथला तिथे आडवा करून ठेवावा. ज्यांची माणसे तिथे आहेत त्या त्या समाजाच्या पंचांना आधी बोलावून विचारावे, कारण प्रत्येकाची रीत वेगळी आणि आत जाण्याचे नियमही वेगळे. आणि पुढे जे नवे दगड बसवतील त्यांना हात जोडून विनंती, मूळ गाव लिहा, बायकांचे माहेर लिहा. ग्रॅनाइटवाला दर अक्षराला पैसे घेतो हे मान्य, पण दोन शब्दांनी कुणी गरीब होत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे. आठवड्यातून एक छोटी चौकट द्यावी, एका दगडाचा मजकूर, जसा आहे तसा, आणि तो कुठल्या दफनभूमीत आहे ते. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, अरे, हे तर आमचे. बॉस्टनच्या बाईंना क्लेअरचे बाबा भेटले ते दगडावर कोरलेल्या एका ओळीवरून. इथे तर नातलग कदाचित दोन गल्ल्या पलीकडे असतील, एकमेकांना ओळखत नसतील एवढेच.

लिहून घ्यायला माणसे मिळतील. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत, असे शहर दुसरे शोधावे लागेल. नववीच्या पोरांना दोघादोघांत विभागून एक आरसा, एक वही दिली तर हे काम एका हिवाळ्यात उरकेल. उन्हाळ्यात मात्र नको, एप्रिलनंतर तिथला दगड हाताला लावता येत नाही. मी आजोबांच्या जुन्या रुद्रभूमीपासून, म्हणजे आमच्या लिंगायतांच्या दफनभूमीपासून, सुरुवात करतो आहे. कन्नड आणि मराठी मला वाचता येते, मोडी थोडी थोडी. तेलुगू आणि उर्दू वाचणारे सोबती हवे आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी दर शनिवारी येऊन विचारीन. रविवारी सकाळी सातला निघू, ऊन तिरपे असते तोवर वाचून होते. आरसा माझ्याकडे आहे.

कळावे,
आपला,
रेल्वे मेल सर्व्हिसमधील एक निवृत्त सॉर्टर
साखर पेठ, सोलापूर